पाठीवर ऊन घेणारा कंद

हा दाढीवाल्या आयरिसचा, म्हणजे एका फुलझाडाचा, कंद. खालच्या अंगाला मुळांचा झुपका, टोकाला पंख्यासारखी पसरलेली पानं. आपण कंद म्हणत असलो तरी हे जमिनीलगत आडवं वाढणारं खोड आहे, आलं-हळदीसारखं. पण आल्यासारखं मातीत गाडलंत, तर हा रुसलाच म्हणून समजा. पानं भरपूर येतील, फूल मात्र दिसणार नाही.

लावणी करायची उन्हाळा सरताना. पहिलं हिम पडायच्या आधी निदान सहा आठवडे मिळाले, की मुळं नीट धरतात. दिवसाचं सहा तास तरी ऊन येईल अशी जागा निवडायची.

आता हातांकडे नीट लक्ष द्या. खड्ड्यात मधोमध मातीचा उंचवटा केलाय. त्यावर कंद आडवा बसवायचा, मुळं दोन्ही उतारांवर मोकळी सोडायची आणि माती घट्ट दाबायची. कंदाची पाठ वर उघडी दिसली पाहिजे. ऊन फारच कडक असेल तर इंचभर माती चालेल, त्याहून जास्त नको. पानं वीतभर ठेवून छाटलीत, कारण मुळं धरेपर्यंत एवढ्या पानांना पाणी पुरवणं कंदाला झेपत नाही.

याचा खरा वैरी म्हणजे साचलेली ओल. कंदाला कुठे जखम असली, की तिथून जिवाणू आत शिरतात. हा बघा कुजका भाग: बोटानं दाबला तर लिबलिबीत, आणि वास असा की नाक धरावं. कंद उकरून घट्ट, निरोगी गर लागेपर्यंत कुजका भाग खरवडायचा, कंद उन्हात सुकवायचा आणि मगच परत लावायचा. नत्रयुक्त खत हात राखूनच द्या. लुसलुशीत वाढ या रोगाला लवकर बळी पडते.

आणि फूल! तीन पाकळ्या वर उभ्या, तीन खाली झुकलेल्या. झुकलेल्या पाकळीवरची ही केसाळ पट्टी म्हणजे दाढी. तिच्या वाटेनं मधमाशी आत शिरते आणि पाठीवर पराग घेऊन बाहेर पडते.

एक कंद फुलतो एकदाच. पुढची फुलं येतात ती त्याच्या कुशीला फुटलेल्या पिल्लांना. तीन-चार वर्षांत ताटवा दाटतो, मग फुलं सरल्यावर तो उकरायचा. मधले जुने, बिनपानांचे कंद काढून टाकायचे, कडेची टणक पिल्लं फूट-दीड फुटावर लावायची. पुढच्या वसंतात एखादं फुललं नाही तर उपटू नका. ते अजून मुळं धरतंय.