पाहुण्या संदेष्ट्याची पारख

प्रभूमध्ये प्रिय बंधुभगिनींनो,

1 राजे या पुस्तकाच्या 13 व्या अध्यायात यहूदातून बेथेलला आलेल्या एका देवाच्या माणसाची हकिगत आहे. यराबाम राजासमोर उभे राहून त्याने वेदीविरुद्ध संदेश दिला. त्याला पकडण्यासाठी राजाने लांबवलेला हात वाळून गेला आणि याच्याच विनवणीने तो पूर्ववत झाला. मग राजाने त्याला घरी जेवायला बोलावले, इनामही देऊ केले. पण तेथे अन्नपाणी घेऊ नये आणि आल्या वाटेने परतू नये अशी परमेश्वराची आज्ञा असल्यामुळे, अर्धे घर दिले तरी येणार नाही, असे त्याने राजाला ठणकावले. राजाला न बधलेला हाच माणूस त्याच दिवशी बेथेलच्या एका म्हाताऱ्या संदेष्ट्याच्या घरी जेवायला बसला. हा म्हातारा गाढवावर खोगीर घालून त्याच्या मागे गेला, झाडाखाली बसलेल्या त्याला गाठले आणि म्हणाला की, मीही तुझ्यासारखाच संदेष्टा आहे, तुला घरी आणून जेवू घाल असे देवदूताने मला सांगितले आहे. तो खोटे बोलला, असे शास्त्र तिथल्या तिथे सांगून टाकते. परतीच्या वाटेवर देवाच्या माणसाला सिंहाने ठार केले.

म्हातारा खोटे का बोलला हे शास्त्र सांगत नाही, आणि जे उपदेशक ते छातीठोकपणे सांगतात त्यांच्याविषयी मी जरा सावधच असतो. फसवणूक कशी साधली, हे मात्र स्पष्ट दिसते. राजा हा उघड विरोधक होता, त्याच्यासमोर मन आधीच सज्ज होते. म्हातारा आला तो आपल्यातलाच एक म्हणून, देवदूताचे नाव घेऊन, आणि उपाशी माणसाला जेवणाचे आमंत्रण देत. त्या वेळी एकच प्रश्न पुरेसा होता: आज्ञा मला मिळाली, मग ती मागे घेतल्याचे तुम्हाला का कळावे? वडीलधाऱ्या संदेष्ट्याला असे विचारणे त्याला जड गेले असावे. आपल्या मंडळ्यांमध्येही ते जड जाते. विचारणाऱ्यालाच अल्पविश्वासी ठरवले जाते. वास्तविक प्रेषितांची कृत्ये 17 मध्ये बिरुयाच्या लोकांनी खुद्द पौलाची शिकवण दररोज शास्त्राशी ताडून पाहिली, आणि लूकाने त्याबद्दल त्यांना थोर मनाचे म्हटले आहे.

पण ज्याचे बोलणे शास्त्राशी जुळते आणि हेतू मात्र खोटा आहे, त्याचे काय करावे? येथे ‘दिदाखे’ म्हणजे बारा प्रेषितांची शिकवण या नावाच्या प्राचीन पुस्तिकेचा फार उपयोग होतो. ही बहुतेक अभ्यासकांच्या मते पहिल्या शतकाच्या अखेरीची किंवा दुसऱ्याच्या आरंभीची. तिची 1056 मध्ये नकललेली प्रत फिलोथेओस ब्रिएनिओस यांना 1873 मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे सापडली आणि त्यांनी ती 1883 मध्ये छापली. त्या काळी फिरते प्रेषित आणि संदेष्टे गावोगावच्या मंडळ्यांत उतरत, आणि त्यांच्यात भामटेही मिसळलेले असत. पुस्तिका म्हणते की, आत्म्याने बोलणाऱ्या संदेष्ट्याच्या बोलण्याची परीक्षा घेऊ नका. पण तेवढ्यावर त्याला संदेष्टा मानू नका, त्याची चालचलणूक प्रभूसारखी आहे का ते पाहा. पुढचे नियम अगदी रोखठोक आहेत. प्रेषिताने एक दिवस राहावे, गरज पडल्यास दुसरा. तिसऱ्या दिवशीही तो मुक्काम ठोकून असेल तर तो खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकरी घ्यावी. पैसे मागेल तर खोटा. आत्म्याच्या प्रेरणेने जेवणाचे ताट मांडायला सांगून स्वतःच त्यावर बसला, तरीही खोटा. शिकवतो ते आचरत नसेल, तर शिकवण खरी असूनही खोटाच.

मला या नियमांचे मोल वाटते ते अशासाठी, की त्यांत कोणाच्याही अंतःकरणात डोकावण्याचा दावा नाही. मुक्काम किती, मागणी कसली आणि कोणासाठी, एवढेच पाहायचे, आणि ते स्वयंपाकघरातल्या बाईलाही दिसते. कोणी दुसऱ्या गरजूंसाठी द्या म्हणाला, तर त्याला दोष देऊ नये, असेही तेथे बजावले आहे. म्हणजे सावधगिरीच्या नावाखाली हात आखडता घेण्याची मुभा नाही.

आज हा पाहुणा मोबाइलवर येतो. ‘प्रार्थनेत देवाने मला तुमचे नाव दाखवले’ असा निरोप, मग दोन-तीन दिवस आपुलकीची विचारपूस, मग आजच्या आज पाठवायची रक्कम, आणि ‘पाळकांना इतक्यात सांगू नका’ ही सूचना. या सूचनेशीच थांबावे. पैसे त्याच्या खात्यात जाणार असतील, घाई त्याची असेल आणि मंडळीपासून लपवायचे असेल, तर त्याने उद्धृत केलेली वचने अचूक आहेत की नाहीत हा मुद्दाच उरत नाही. रक्कम पाठवण्याआधी एक रात्र जाऊ द्यावी, पाळकांना किंवा वडीलमंडळींना फोन करावा. आणि पैसे गेलेच असतील तर लाजेपोटी गप्प न बसता लगेच बँकेला आणि 1930 या सायबर मदत क्रमांकावर कळवावे. अशा घरच्या माणसाला मंडळीने ‘तुमची श्रद्धाच कच्ची’ असे सुनावले, तर पुढचा फसलेला माणूस तोंड उघडणार नाही आणि भामट्याचेच फावेल.

खरा संदेष्टा गावात स्थायिक होऊ इच्छित असेल, तर दिदाखे त्याला अन्नाचा हक्कदार मानते आणि द्राक्षकुंड, खळे, बैल व मेंढरे यांचे प्रथमफळ त्याला द्यायला सांगते. गावात असा कोणी नसेल तर ते प्रथमफळ गरिबांना द्यावे, असेही तेथेच लिहिले आहे.