करंजाचं तेल, नॅनोट्यूब आणि मधेच एक तलवार

मंडळी, पत्रिकेवर विषय आहे वनस्पती तेलापासून कार्बन नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या अतिबारीक पोकळ नळ्या, आणि त्या मिसळून केलेलं कंपोझिट, म्हणजे मिश्र पदार्थ, तो मी घेणारच आहे, पण आधी तलवारीचं सांगतो, कोल्हापुरात भाषण आणि तलवार नाही असं कसं चालंल.

तर २००६ साली जर्मनीत ड्रेस्डेनच्या संशोधकांनी १७व्या शतकातल्या एका दमास्कस तलवारीचा, म्हणजे पात्यावर लाटांसारखी नक्षी असणाऱ्या नावाजलेल्या तलवारीचा, नमुना ॲसिडमध्ये विरघळवला, उरलं ते इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघितलं आणि त्यात कार्बन नॅनोट्यूब दिसल्या असं 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात छापलं. आता असल्या तलवारींचं पोलाद जायचं कुठून? आपल्याकडनं, वूट्झ म्हणतात त्या पोलादाला. आणि ते मुशीत करताना लोखंडाबरोबर घालायचे काय, तर तरवडाचं लाकूड आणि रुईची पानं, शनिवारी मारुतीला घालतो तीच रुई! हे मी उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीवाल्या मित्राला सांगितलं तर तो म्हणतो, "सर, मग उद्यापासून क्युपोलात रुई टाकू का?" क्युपोला म्हणजे त्याची लोखंड वितळवायची भट्टी. नका टाकू बाबांनो. आणि हे ऐकून लगेच 'आपल्याकडं सगळं आधीच होतं' असले मेसेज फिरवू नका, माझं डोकं फिरतं त्यानं. त्या लोहारांचा हात मोठा होता, पण आत नळ्या तयार होत होत्या हे त्यांना कसं दिसणार? जपानी शास्त्रज्ञ इजिमांनी १९९१ साली त्या दाखवल्या तेव्हा जगाचं नीट लक्ष गेलं.

बरं, तेल. क्वार्ट्झची नळी, ७०० ते ९०० डिग्रीची भट्टी, आत आर्गॉन नाहीतर नायट्रोजन. तेलात फेरोसीन, म्हणजे लोखंड असलेलं एक रसायन, मिसळून फवारायचं. फेरोसीन फुटलं की लोखंडाचे बारीक कण सुटतात, तेल फुटलं की कार्बन, आणि त्या कणांवर कार्बन चढत नळी वाढते. हवा आत शिरली की संपलं, देव्हाऱ्यातल्या दिव्यासारखं नुसतं काजळ धरणार. नारळ, तीळ, पाम, कडुनिंब सगळ्यांवर प्रयोग झालेत, पण माझं म्हणणं, खायच्या तेलाला हात लावू नका, शेंगतेलाचा भाव बघताय ना? करंज घ्या, कडू आहे, कोण खात नाही. फक्त तेल झाडाचं म्हणून सगळं 'ग्रीन' झालं असं समजू नका, भट्टीची वीज आणि आर्गॉन झाडाला लागत नाही.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं म्हणे. मग कंपोझिट पळवतो. नळीचा ताठपणा पोलादाच्या साधारण पाचपट, घनता पाव भागाच्या आसपास, म्हणून इपॉक्सीत, म्हणजे घट्ट होणाऱ्या चिकट रेझिनमध्ये, घालायची. पण नळ्या एकमेकींना चिकटून गुठळ्या होतात, आणि तडा तिथूनच सुरू होतो, म्हणजे मजबूत करायला गेलो आणि कमजोर करून बसलो. म्हणून एक टक्का किंवा त्याहून कमीच घाला, गुठळ्या अल्ट्रासॉनिकनं, म्हणजे ध्वनिलहरींनी, फोडा, नायट्रिक ॲसिडनं नळ्यांचा पृष्ठभाग तयार करा म्हणजे इपॉक्सी धरतं, पण जास्त वेळ केलं तर नळ्याच तुटतात. तेलातून नळ्या काढणं सोपं आहे हो, खरं काम इथं आहे आणि यालाच वेळ उरला नाही. शिरोली, गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतली जी पोरं करून बघणार असतील त्यांनी ही पावडर उघड्यावर ओतू नका, श्वासातनं आत जाते, हूड, म्हणजे हवा ओढून घेणारं कपाट, आणि मास्क पाहिजेच.