ठिपक्यांची किंमत

श्रोतेहो, नमस्कार. कुत्र्यांची पैदास जबाबदारीनं कशी करावी, हा आजचा विषय. त्यासाठी डाल्मेशियनची हकिकत सांगते.

पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, तो डाल्मेशियन. पिल्लू जन्मतं पांढरंशुभ्र, ठिपके दोनेक आठवड्यांत उमटू लागतात. ते रेखीव यावेत म्हणून माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या जोड्या लावल्या, आणि त्या निवडीत एक दोष साऱ्या जातीत मुरला. बहुतेक कुत्र्यांचं यकृत युरिक आम्लाचा निचरा नीट करतं, डाल्मेशियनचं करत नाही. ते आम्ल लघवीत उतरतं आणि काहींना खडे होतात. नराच्या मूत्रमार्गाला एका जागी हाड लगटून असतं, तिथे मार्ग ताणला जात नाही आणि खडा नेमका तिथेच अडकतो. कुत्रा पाय उचलतो, कुंथतो, पुन्हा जागा बदलून उभा राहतो, पण थेंब पडत नाही. वेळीच उपचार झाले नाहीत तर जीव जातो.

1973 साली अमेरिकेतले आनुवंशशास्त्रज्ञ रॉबर्ट शायबल यांनी हा दोष घालवायला डाल्मेशियनचा पॉइंटर जातीशी संकर केला. एकदाच, बरं का! पुढे प्रत्येक पिढीत जोडीदार डाल्मेशियनच. निरोगी जनुकाची एक प्रत मिळाली तरी पुरते, म्हणून दर वेळी ती प्रत असलेलं पिल्लू निवडायचं. पाचव्या पिढीपर्यंत कुत्रे दिसायला, वागायला डाल्मेशियन झाले आणि लघवी निरोगी. 1981 मध्ये अमेरिकन केनेल क्लबनं, म्हणजे जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या तिथल्या संस्थेनं, त्यांतल्या दोघांची नोंद केलीसुद्धा. पण जातीच्या चाहत्यांनी विरोध केला. रक्त शुद्ध नाही, म्हणाले! नोंदणी थांबली. दार पुन्हा उघडलं ते थेट 2011 साली. तीस वर्षं, श्रोतेहो. औषध हाताशी असताना तीस वर्षं.

मला याचा आजही संताप येतो. शुद्ध रक्त म्हणजे निरोगी रक्त नव्हे. पुन्हा सांगते, शुद्ध म्हणजे निरोगी नव्हे. बाप-लेकीची, भावा-बहिणीची जोडी लावून वंशावळीचा कागद देखणा होतो, पण लपलेले दोष वर येतात. चपट्या नाकाचं पिल्लू घोरतं, तेव्हा ‘किती गोड’ म्हणू नका, त्याला श्वास पुरत नसतो.

आणि वाढदिवसाला पिल्लू भेट द्यायची रीत तर बंदच व्हावी. मुलांना पुस्तक द्या, झाड द्या. दहा-बारा वर्षांचा जीव कागदात गुंडाळून द्यायचा नसतो.

तर, चांगला ब्रीडर, म्हणजे कुत्र्यांची पैदास करणारा, ओळखायचा कसा? तो नर-मादीच्या तपासण्यांचे कागद स्वतःहून पुढे करतो, मोठ्या जातींत खुब्याचा एक्स-रेही. मादी दर वेळी माजावर आली की तिची जोडी लावत नाही. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडत नाही. तुम्हालाच शंभर प्रश्न विचारतो, आणि उद्या तुम्हाला जमलं नाही तर कुत्रा परत घ्यायची तयारी ठेवतो.

आणि पिल्लाची आई पाहा. आधी आई, मग पिल्लू. तिचं अंग भरलेलं आहे का, ती माणसाजवळ निर्धास्त येते का, की कोपऱ्यात दबून बसते? ‘आई दुसरीकडे आहे, पिल्लू इथेच रस्त्यावर आणून देतो,’ असं कुणी म्हणालं, तर पैसे खिशातच ठेवा आणि तिथून निघा.