सात दिवसांच्या चौदा रेघा

(दृश्य: कोरी वही, पट्टी, पेन. हात रेघा ओढतो आहे.)

सर्वांत वर एक लांब रेघ आणि तिच्याखाली तेवढीच लांब दुसरी. ही पहिल्या दिवसाची जोडी. दुसऱ्या दिवसाची जोडी थोडी आखूड, तिसऱ्याची त्याहून आखूड. सातव्या दिवशी रेघ बोटभर उरते. डाव्या बाजूला वाराचं पहिलं अक्षर. रोज आपली एकच चूक किती वेळा झाली ते या रेघांवर ठिपके देऊन मोजायचं, दुपारी वरच्या, रात्री खालच्या. त्यासाठी लागणारं साहित्य एवढंच.

ही आकृती येशूसंघाचे संस्थापक, स्पेनचे संत इग्नेशियस लोयोला यांच्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकातली आहे. पोप तिसरे पौल यांनी 1548 मध्ये त्या पुस्तकाला मान्यता दिली. रेघा उतरत्या आहेत, कारण आठवडा सरता सरता चुका कमी होतील ही आशा आकृतीतच धरलेली आहे.

(दृश्य: मान्रेसा. नदीकाठचा कडा, गुहेवर बांधलेलं देऊळ, म्हणजे चर्च.)

इग्नेशियस मूळचे सैनिकी पेशाचे. 20 मे 1521 रोजी पँप्लोनाच्या लढाईत तोफेचा गोळा लागून त्यांचा पाय मोडला. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी ख्रिस्ताचं चरित्र वाचलं, संतांच्या कथा वाचल्या. मार्च 1522 मध्ये माँसेरातच्या मठात मरियेच्या वेदीपाशी तलवार ठेवली आणि ते स्पेनमधल्या या मान्रेसा गावी आले. इथे ते जवळपास अकरा महिने राहिले. साधनेची टिपणं इथेच सुरू झाली.

तेव्हा ते धर्मगुरू नव्हते. धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली ती 1537 मध्ये. ही रीत जुळवली ती भीक मागून जेवणाऱ्या एका साध्या श्रद्धावंताने. हे ठासून सांगायला हवं, कारण पवित्रता हे फादर-सिस्टरांचं काम, आपण रविवारची मिस्सा, म्हणजे देवळातली उपासना, चुकवली नाही म्हणजे झालं, ही समजूत अजून घट्ट आहे. कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 21 नोव्हेंबर 1964 रोजी प्रसिद्ध केलेल्या ख्रिस्तसभेविषयीच्या, म्हणजे चर्चविषयीच्या, दस्तऐवजात एक पूर्ण प्रकरण हेच सांगण्यासाठी दिलं, की पवित्र होण्याचं बोलावणं प्रत्येकाला आहे. स्वयंपाक करणाऱ्याला, गाडी चालवणाऱ्याला, गल्ल्यावर बसणाऱ्याला.

(दृश्य: वसईतलं घर. पहाट. चूल, डबे, भिंतीवरचा अल्तार, म्हणजे घरातली वेदी.)

काम सुरू होतं उठल्या उठल्या, आणि त्याच्याही आधी निवडीपासून. एकच चूक घ्यायची. "आजपासून मी चांगलं वागेन" हा संकल्प टिकत नाही, कारण तो मोडला कधी हेच कळत नाही. 'राग' हा फार मोठा विषय झाला. 'मुलगा अभ्यासाला बसला नाही की त्याच्यावर ओरडणं' हे मोजता येतं. 'गर्व' मोजता येत नाही, पण 'दुसऱ्याचं वाक्य तोडून आपलं पुढे दामटणं' मोजता येतं. कोणती चूक घ्यावी हे सुचत नसेल तर घरच्यांना विचारावं. त्यांना ती आपल्याआधी ठाऊक असते.

आपण इथे उदाहरणाला एक चूक घेऊ: माणूस समोर नसताना त्याच्याविषयी वाईट बोलणं. अंथरुणातून उठताना एक वाक्य पुरतं. "प्रभू, आज कुणाच्या पाठीमागे त्याचं वाईट माझ्या तोंडून निघू नये, मला सांभाळ."

(दृश्य: विरार लोकल. दाराजवळची गर्दी, गप्पा. एक हात छातीवर जातो.)

हा हात पाहा. जीभ घसरली, त्याच क्षणी हात छातीवर ठेवायचा आणि मनात क्षमा मागायची. इग्नेशियस मुद्दाम लिहितात की हे चारचौघांत करता येतं, कुणाच्या लक्षातही येत नाही. गाडीत, कारखान्यात, लग्नाच्या मांडवात. हे केलं नाही तर दुपारी काही आठवत नाही, आणि आठवलं नाही की पान कोरं राहतं.

(दृश्य: देवळाची घंटा. दुपार. जेवणाचं ताट बाजूला सरकतं, वही उघडते.)

पहिला हिशेब दुपारच्या जेवणानंतर. उठल्यापासूनचा एकेक तास घ्यायचा. सहा ते सात, पाणी आणि डबे, काही नाही. सात ते आठ, शेजारणीशी बोलताना एकदा. आठ ते नऊ, गाडीत दोनदा. जेवढ्या वेळा घसरलो तेवढे ठिपके त्या दिवसाच्या वरच्या रेघेवर. दुसरा हिशेब रात्रीच्या जेवणानंतर, दुपारपासून तोपर्यंतच्या तासांचा. ते ठिपके खालच्या रेघेवर.

मग ताळा. रात्री खालची रेघ वरच्या रेघेशी लावून पाहायची, आजचा दिवस कालच्याशी, हा आठवडा मागच्याशी. अनेकदा खालच्या रेघेवर ठिपके जास्त पडतात. संध्याकाळी माणूस थकलेला असतो, भुकेला असतो, सगळे घरी असतात. हे दिसलं की उपायही दिसतो: दाराबाहेरच्या क्रुसापाशी अर्धा मिनिट थांबून सकाळचंच वाक्य पुन्हा म्हणायचं, मग उंबरा ओलांडायचा.

(दृश्य: रात्र. जपमाळ झाली आहे. घरातले उठतात, एकजण बसून राहतो.)

ठिपके म्हणजे प्रार्थना नव्हे. रात्रीच्या आत्मपरीक्षणाचे पाच भाग आहेत, सगळे मिळून दहा-पंधरा मिनिटांचे. देवाचे आभार; आपली पापं दिसावीत म्हणून कृपेची याचना; विचार, शब्द आणि कृती यांचा तासातासाने हिशेब; क्षमायाचना; उद्यासाठी निश्चय. शेवटी 'आमच्या स्वर्गीय पित्या' ही प्रार्थना. आभार पहिले का? चुकांपासून सुरुवात केली की माणूस स्वतःभोवतीच फिरत बसतो. आभारही नेमके हवेत: आज आईचा ताप उतरला, भरतीच्या आधी होडी परतली. अंथरुणात पडून हे करू नये, तिसऱ्या भागापर्यंत झोप लागते.

(दृश्य: वहीची पानं. ठिपके, खाडाखोड, एक कोरं पान.)

इथे बिघडतं कुठे? एक, कोरं पान. शून्य ठिपक्यांचा आठवडा आला की आनंद मानण्याआधी दुपारचा हिशेब खरंच केला होता का, हे पाहावं. दुसरं, मनात आलेला शब्द आणि तोंडातून गेलेला शब्द यांची गल्लत. वाईट बोलावंसं वाटलं आणि गिळलं, तर ठिपका नाही. मोहाला दिलेला नकार इग्नेशियस पुण्यात धरतात. तिसरं, दर चार दिवसांनी चूक बदलणं. एकच चूक काही आठवडे धरून ठेवली नाही तर रेघांची तुलनाच होत नाही.

आणि सर्वांत घातक, शंकेचा आजार. याच मान्रेसात इग्नेशियस त्यात सापडले होते. कबूल केलेली पापं पुन्हा पुन्हा कबूल करत राहिले, जीव द्यावा असं वाटण्यापर्यंत गेले, आठवडाभर अन्नपाणी सोडलं. शेवटी पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंनी आज्ञा केली, तेव्हा उपवास मोडला. ज्याला क्षमा मिळालेलं पाप रोज टोचतं, त्याने वही बंद ठेवावी, एकच फादर धरावेत आणि ते सांगतील तेवढंच करावं.

(दृश्य: जुने गोवे. बॉम जेझू बॅसिलिका, चांदीची पेटी, रांग.)

या पेटीत ज्यांचं शरीर ठेवलं आहे, ते संत फ्रान्सिस झेवियर इग्नेशियस यांचे सोबती. त्यांनी पुस्तकातली ही साधना 1534 मध्ये पॅरिसला इग्नेशियस यांच्याच देखरेखीखाली केली. 6 मे 1542 रोजी ते गोव्यात उतरले.

(दृश्य: वसई. रविवार सकाळ. देवळाचं अंगण, माणसं बोलत उभी.)

घरात काय बदलतं? भांडणं थोडी कमी होतात. आणि घराबाहेर, पाठीमागे वाईट न बोलणाऱ्याकडे लोक मन मोकळं करायला येतात.

(दृश्य: कन्फेशनची जागा, लाकडी जाळी.)

कन्फेशनला, म्हणजे पापनिवेदनाला, जाताना वही सोबत नेऊ नये, पण तिच्यातून एक वाक्य न्यावं. "फादर, मी लोकांविषयी वाईट बोलतो" याऐवजी "या महिन्यात साधारण वीस वेळा बोललो, बहुतेक संध्याकाळी, बहुतेक एकाच माणसाविषयी." एवढं नेमकं ऐकल्यावर फादरांना नेमका सल्ला देता येतो, आणि त्या एका माणसाकडे जाऊन समेट करण्याचं कामही समोर येतं. पानाचं काम संपलं, तुलना झाली, की ते फाडून जाळावं. त्यात दुसऱ्यांची नावं सूचित होतात, ती कुणाच्या हाती लागू नयेत. तीन-चार आठवडे ठिपके तुरळक राहिले, तर नवी चूक घ्यावी. जुनी परत डोकं वर काढू लागली, तर पुन्हा तिच्याकडे यावं.