परसातला आरसी ट्रॅक : आधी माती, मग उड्या

श्रोतेहो, नमस्कार. रिमोटवरच्या गाड्यांचा ट्रॅक म्हटला की मुलं आधी उड्यांच्या जागा ठरवतात. सोलापुरात मात्र सुरुवात मातीपासून करावी लागते. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात इतकी भेगाळते की, खऱ्या गाडीच्या एक-दशांश मापाच्या आरसी बग्गीचं पुढचं चाक भेगेत अडकून स्टिअरिंगचा दांडाच मोडतो. अशा मातीवर नुसता मुरूम पसरला, तर दुसऱ्या वर्षी त्या भेगा मुरमातूनही वर येतात.

काम दिवाळीनंतर काढा, जमिनीला वाफसा असताना. परस ५० फूट बाय २६ फूट असेल, तर ५ फूट रुंदीचा, १३० फूट लांबीचा वळणावळणाचा ट्रॅक आरामात बसतो. सुतळी आणि फक्कीने आखणी करा. वळणाची आतली त्रिज्या ३ फुटांपेक्षा कमी नको.

ट्रॅकच्या पट्ट्यातली ४ इंच काळी माती काढा आणि ६ इंच मुरूम भरा. वरचे दोन इंच मुद्दाम धरलेत. ट्रॅक परसाच्या पातळीत राहिला, तर पहिल्याच वळवात त्याचं डबकं होतं. रुंदीत एका बाजूला इंचभर उतार द्या. एवढ्या कामाला सैल मुरूम साधारण सव्वाचार ब्रास लागतो.

मुरूम एकदम ओतू नका. ४ इंचांचा थर टाका, पाणी शिंपडा आणि धुम्मसाने ठोका. थर ३ इंचांवर आला की दुसरा टाका. पाणी किती? मुरूम मुठीत दाबा. गोळा झाला पाहिजे, तळहात ओला होता कामा नये. कंबरेच्या उंचीवरून सोडल्यावर गोळ्याची चार-पाच ढेकळं झाली, तर पाणी बरोबर. भुगा झाला तर कमी, आणि चपटा होऊन बसला तर जास्त. वरचा अर्धा इंच बारीक चाळलेल्या मुरमाचा ठेवा. सारवण मात्र करू नका. ते पायांसाठी ठीक. टायरच्या दात्यांनी त्याचे पापुद्रे निघतात.

कडेला शेतातले जुने तुषारचे काळे पाइप लावा. पांढरे पीव्हीसी उन्हात कडक होऊन तडकतात. पाइप अर्धा गाडा आणि सळईच्या आकड्यांनी धरा; आकड्याचं डोकं वर राहिलं तर सस्पेन्शनचा हात तुटलाच म्हणा. जोडावर गाडी ज्या बाजूने येते, त्या बाजूच्या पाइपचं टोक पुढच्या पाइपवर आलं पाहिजे, म्हणजे उघडी कड गाडीच्या नाकासमोर येत नाही.

आता उडी. उंची १ फूट, चढ ३ फूट लांब, उतरण ५ फूट. कड आधी ढासळते, म्हणून तिथल्या मुरमात दहास एक सिमेंट मिसळा. चढाचं टोक वर वळलेलं असलं की गाडी पाठीवर पडते. हवेत नाक वर जात असेल तर ब्रेक मारा, खाली जात असेल तर थ्रॉटल द्या. उतरणीला लागून वळण ठेवू नका.

खेळण्याआधी झारीने ६० लिटर पाणी, म्हणजे पंधरा लिटरच्या चार बादल्या. नळाला रोज पाणी येत नाही हे खरं. भाज्या-तांदूळ धुतलेलं चालेल. पण मिठाचं नको, बेअरिंग गंजतात. पकड वाढावी म्हणून काही ठिकाणी ट्रॅकवर साखरपाणी मारतात. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात हे फार सोपं वाटेल, पण मग ट्रॅक मुंग्यांचा होतो.

चालवणाऱ्याने पश्चिमेला, तीन फूट उंच ओट्यावर उभं राहावं, म्हणजे संध्याकाळचं ऊन पाठीवर येतं. गाडीची लिपो, म्हणजे लिथियम-पॉलिमर बॅटरी मात्र ओट्यावर उन्हात ठेवू नका. खेळून गरम झालेली बॅटरी सावलीत पूर्ण निवल्यावरच चार्जरला लावा. ५००० एमएएचच्या बॅटरीला ५ अँपिअर पुरेत.