रविवारची चावी

(दृश्य: पहाटेचा चौक. कापसाच्या गाड्यांची रांग, मागे घड्याळाचा टॉवर.)

सकाळचे पावणेसात. कापूस भरलेल्या गाड्या रात्रीपासून रांगेत आहेत. बंडीखाली झोपलेला कास्तकार उठतो, तोंडावर पाणी मारतो आणि मान वर करतो. खिशात मोबाइल आहे, तरी मान वर जातेच. या चौकाला एका थोर माणसाचं नाव दिलंय, पाटीही आहे. पण एसटीचा कंडक्टर आजही एकच हाक देतो, "टॉवर, टॉवरवाले उतरा!"

दार उत्तरेला, चहाच्या टपरीमागे. वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. घड्याळाला चावी देणारे काकाजी पुढे, कॅमेरा मागे. आधी दगडी पायऱ्या, मग लाकडी, शेवटी लोखंडी शिडी. अर्ध्यात एक झरोका लागतो. त्यातून अख्खं मार्केट यार्ड दिसतं, पांढरंशुभ्र. तिथं आम्ही बराच वेळ कॅमेरा लावून बसलो, कारण हे घड्याळ इथं आलं तेच मुळी त्या पांढऱ्या ढिगांपायी.

1861 साली अमेरिकेत यादवी पेटली. तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. 1867 मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली. सरकी काढणारे जिनिंग आले, गाठी बांधणारे प्रेस आले, त्यांचे भोंगे आले. दिवस उगवला-मावळला एवढंच पाहणाऱ्या गावांना मिनिटं मोजावी लागली.

आणि ती मिनिटं तरी कुणाची? रेल्वे चालायची मद्रासच्या वेळेवर. 1 जानेवारी 1906 पासून प्रमाणवेळ आली, ती साडेब्याऐंशी अंश रेखांशाची, मिर्झापूरकडची. वऱ्हाडात सूर्य माथ्यावर येतो तो तिच्या साधारण वीस मिनिटं मागून. मुंबई तर पुढेही कित्येक वर्षं आपली वेगळी वेळ धरून होती, प्रमाणवेळेच्या 39 मिनिटं मागची. आपल्या चौकातली सावली आणि आपल्या टॉवरचे काटे यांचं आजही जुळत नाही ते यामुळेच. बारा वाजता सावली बघा, कळेल.

(दृश्य: घड्याळाची खोली. इथं निवेदन नाही. लंबकाचा आवाज येऊ द्या.)

हा लंबक सव्वादोन मीटरचा. या टोकाचा त्या टोकाला जायला दीड सेकंद घेतो. मीटरभराचा असता तर एका सेकंदात गेला असता. लांबी वाढली की चाल सावकाश होते. त्याच्या वरच्या अंगाला दातेरी चाक. लंबकाच्या प्रत्येक हेलकाव्याला त्याचा एकच दात सुटतो आणि लगेच अडतो. तुम्ही ऐकलीत ती टकटक या अडण्याची आहे. चाकाला फिरवणारी ताकद येते खाली लोंबणाऱ्या लोखंडी वजनांतून. वीज कुठेही नाही. वजनं आठ दिवसांत तळाला जातात, म्हणून दर रविवारी चावी.

वजनं दोन. एक काट्यांचं, दुसरं ठोक्यांचं, आणि दुसरं बरंच जड, कारण घंटेवर पडणारा घण उचलायचं काम त्याच्याकडे. दिवसरात्रीत 156 ठोके पडतात. किती ठोके द्यायचे हे एका चाकाच्या कडेवर कोरलेलं आहे: पहिल्या खाचा जवळजवळ, पुढे दूरदूर होत गेलेल्या. हे चाक घड्याळाचे काटे बघत नाही. एखाद्या वेळी ठोक्यांची चावी राहिली आणि काटे पुढे गेले, की पाच वाजता चार ठोके पडतात. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना असे दिवस आठवतात.

उन्हाळ्याची गोष्ट काकाजींकडून ऐका. "गर्मी वाढली का हे सुस्त होते, बाप्पा. मंग पैसे टाका लागते."

पैसे म्हणजे खरोखरचे ढब्बू पैसे. उन्हाने लोखंडी दांडी वाढते. तापमान 20 अंशांनी चढलं तर मीटरामागे पाव मिलिमीटरसुद्धा नाही, पण तेवढ्याने घड्याळ दिवसाला दहा सेकंद मागे पडतं. आठवड्यात मिनिटाच्या वर. म्हणून लंबकाच्या दांडीवरच्या या लहानशा ताटलीत एक-एक पैसा ठेवायचा. वजनाचा मध्य केसभर वर सरकतो, चाल वाढते. पाऊस लागला की पैसे काढायचे. विदर्भाच्या उन्हाशी इतकं बारीक जमवून घेतलेलं यंत्र काढून तिथं सेलवरचं मशीन बसवा, असं आम्हाला सांगितलं गेलं. हे घड्याळ बिघडलेलं नाही. त्याला तेल पाहिजे, तारदोर बदलून पाहिजे आणि चावीला माणूस पाहिजे.

काकाजी निवृत्त झाले, जागा भरली नाही. ते विनामोबदला येतात आणि गुडघे साथ देत नाहीत.

(दृश्य: हँडल फिरवणारे हात. वजन वर येताना.)

सात वाजायला दोन मिनिटं. काकाजी हँडल काढून खुंटीला लावतात, हात पुसतात आणि आम्हाला कानावर हात ठेवायला सांगतात. स्वतः ठेवत नाहीत. ते ठोके मोजतात.

(सात ठोके पूर्ण येऊ द्या.)

पुढची चावी येत्या रविवारी, पावणेसातला. टपरीमागचं दार उघडं असेल. शिकायचं असेल त्यांनी यावं. काकाजी शिकवायला तयार आहेत.