उडीचे खेळ कन्सोलवर मागे का पडले?

(दृश्य: रिमोटवरचा अंगठा, मागे टीव्हीवर मारिओ)

हा अंगठा बघा. बटण टिचकीसारखं दाबलं की मारिओ जेमतेम उडतो. दाबून धरलं की उंच जातो. धावत येऊन उडाला तर लांबचा खड्डाही पार करतो, आणि हवेत असतानाही त्याला थोडं इकडेतिकडे वळवता येतं. १९८५ साली जपानमध्ये निन्टेन्डोने सुपर मारिओ ब्रदर्स आणला तेव्हा अख्खा खेळ ४० किलोबाइटमध्ये बसवला होता. मोबाइलवर काढलेला एक साधा फोटोसुद्धा आज त्याच्या कितीतरी पट भरतो. चित्र इथे थांबवू. वरचा ढग आणि खालचं झुडूप नीट बघा. आकार एकच आहे, फक्त रंग वेगळा. जागा वाचवायला चित्रं अशी दोनदा वापरली, पण उडीच्या बाबतीत कुठेही हात आखडलेला नाही.

आता पहिल्या स्टेजचे सुरुवातीचे क्षण. उजवीकडून गुम्बा नावाचा शत्रू चालत येतो. उडी मारली नाही तर मेलात. पुढे प्रश्नचिन्हाचा ठोकळा डोक्यावर. त्याला डोकं आपटलं की मशरूम बाहेर पडतं, उजवीकडे घरंगळतं, हिरव्या पाइपला धडकतं आणि उलट तुमच्याच अंगावर येतं. नवखा माणूस घाबरून उडी मारतो, वरच्या विटांना आपटतो आणि बहुतेक वेळा मशरूमवरच पडतो. मारिओ मोठा होतो. पडद्यावर सूचनेचा एक शब्दही न लिहिता खेळाचे रचनाकार शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी हे शिकवलं.

(दृश्य: जुन्या कॅसेटी, लेबलांचा क्लोजअप)

महाराष्ट्रात नव्वदीच्या दशकात मारिओ घरोघर पोचला तो बहुतेक ठिकाणी अशा कॅसेटी चालवणाऱ्या नकली यंत्रांवरून. कॅसेटवर ‘९९९९९९ इन १’ असं छापलेलं असायचं. आत खरे खेळ मोजकेच, बाकी त्यांचीच नावं पुन्हा पुन्हा. निन्टेन्डो हे नाव ठाऊक नसलेल्या पोरांनाही पहिली स्टेज डोळे मिटून पाठ होती.

१९९१ साली सेगा कंपनीचा सॉनिक हा साळिंदर आला आणि प्रत्येक कंपनीला आपला एक उड्या मारणारा प्राणी हवासा झाला. १९९८ मध्येही बाजारात या खेळांचा वाटा सुमारे १५ टक्के होता. २००२ पर्यंत तो २ टक्क्यांवर आला. लोक कंटाळले, असं याचं कारण सर्रास सांगितलं जातं. आम्हाला ते पटत नाही. घसरणीची सुरुवात या पुढच्या दोन खेळांत शोधावी लागते.

(दृश्य: पडदा दुभागलेला, डावीकडे क्रॅश, उजवीकडे मारिओ ६४)

दोन्ही १९९६चे. डावीकडे क्रॅश बँडिकूट. वाट अरुंद, कॅमेरा ठरलेल्या मार्गावरून सरकणारा, आणि क्रॅश बहुतेक वेळ आपल्याकडे पाठ करून पळतोय. उजवीकडे सुपर मारिओ ६४. चहूबाजूंनी मोकळं मैदान, आणि कॅमेरा ढगावर बसलेल्या लाकितू या पात्राच्या हातात. स्टेज उभ्या राहण्याआधी निन्टेन्डोच्या संघाने मारिओला नुसतं धावायला, वळायला, उडायला लावून हालचाल घोटून घेतली होती. रिमोटवरची ही काडी अलगद ढकला, तो चोरपावलांनी चालतो. पूर्ण ढकला, धावत सुटतो.

अडचण सपाट पडद्याची आहे. समोरची फळी दोन पावलांवर आहे की चार, हे डोळ्यांना धड कळत नाही. म्हणून मारिओची सावली बघा. उजेड कुठूनही येवो, ती थेट पायाखालीच पडते. उडी कुठे उतरणार, ते तिच्यावरून समजतं. त्यात कॅमेरा भिंतीमागे अडकला की खेळणारा आंधळा होतो. शिवाय उडीची उंची बोटभर बदलली तरी प्रत्येक कठडा, प्रत्येक खड्डा पुन्हा मापावा लागतो. ही सगळी मेहनत जाहिरातीच्या तीस सेकंदांत दिसत नाही. बंदूक दिसते, गाडीचा स्फोट दिसतो.

(दृश्य: जॅक अँड डॅक्स्टर, मग जॅक २)

२००१ मध्ये गाड्या पळवायचा ग्रँड थेफ्ट ऑटो ३ आला, नेमबाजीचा हेलोही आला. त्याच वर्षीचा हा जॅक: हिरवी बेटं, निळा समुद्र, आणि खेळभर तो एक शब्द बोलत नाही. दोन वर्षांनंतरचा हाच जॅक बघा. करडं शहर, पळवायच्या गाड्या, हातात बंदूक. पहिल्यांदा तोंड उघडतो तेच कुणालातरी ठार मारायची भाषा करत. क्रॅश आणि जॅक घडवणाऱ्या नॉटी डॉगने २००७ मध्ये अनचार्टेड काढला. त्यात नायक ड्रेक उडी मारतो खरा, पण कठड्याच्या आसपास पोचला की हात आपोआप तिथे चिकटतात. त्याच वर्षी असॅसिन्स क्रीडने अख्ख्या शहराच्या भिंती चढायला दिल्या. बटण दाबून धरायचं, बाकी तो बघून घेतो. उडी जवळपास सगळ्या खेळांत शिरली आणि तिच्यातलं कसब गळालं. २००८ मध्ये तर बांजो-कझूई या जुन्या उडीच्या मालिकेच्या नव्या खेळात उड्यांपेक्षा गाड्या जोडण्यावरच भर होता.

पैशाचं गणितही फिरलं होतं. आठ-दहा तासांत संपणाऱ्या खेळाला पूर्ण किंमत मागायची, आणि शेजारी वर्षभर ऑनलाइन चालणारा नेमबाजीचा खेळ त्याच किमतीला. तरीही २००९चा न्यू सुपर मारिओ ब्रदर्स वी तीन कोटींच्या वर खपला. साधा, डावीकडून उजवीकडे जाणारा खेळ. गिऱ्हाईक होतं. माल ठेवणारे कमी झाले होते.

(दृश्य: सेलेस्ट, संथ गतीत)

उडीची राखण नंतर छोट्या संघांनी केली. २०१८चा सेलेस्ट अगदी हळू करून बघू. नायिका मॅडेलिनचे पाय कड्यावरून सुटलेत. खाली काहीच नाही. बटण आत्ता दाबलं, आणि तरी ती उडाली! कडा सुटल्यावरही सेकंदाचा दहावा भाग उडी मान्य होते. वर जाताना डोकं कोपऱ्याला किंचित घासलं तर खेळ तिला हळूच बाजूला सरकवून वाट देतो. खेळणाऱ्याला यातलं काही जाणवत नाही, त्याला वाटतं आपणच वेळ अचूक साधली. हा खेळ २० डॉलरला आला होता. अशा खेळांची तीच किंमत गिऱ्हाइकाच्या मनात पक्की बसली आणि मोठ्या कंपन्यांनी आणखी हात आखडला.

(दृश्य: ॲस्ट्रो बॉट, पुरस्कार सोहळा)

सोनीच्या टीम असोबीचा ॲस्ट्रो बॉट. २०२४च्या द गेम अवॉर्ड्समध्ये वर्षातला सर्वोत्तम खेळ. त्याच वर्षी जानेवारीत युबीसॉफ्टचा प्रिन्स ऑफ पर्शिया: द लॉस्ट क्राउन आला होता. समीक्षकांनी वाखाणला, विक्री कंपनीच्या अपेक्षेइतकी झाली नाही, संघातली माणसं दुसऱ्या कामांवर गेली. पूर्ण किमतीचा उडीचा खेळ नेमाने करत राहणारी बडी कंपनी आज जवळपास निन्टेन्डो एकटीच आहे. २०२५ मध्ये स्विच २ या आपल्या नव्या कन्सोलवर तिने डाँकी काँग बनान्झा काढला, तोही मारिओ ओडिसी करणाऱ्या संघाकडून.